मागची मूठ

'विखुरणे' हा शब्द आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात कुणी बोलत नाही. तो पुस्तकातला. शाळेत बाईंनी फळ्यावर लिहून 'वाक्यात उपयोग करा' म्हटलं, तेव्हा सगळा वर्ग अळीमिळी गुपचिळी. आम्हाला शब्दांची वाण होती असं कुणी समजू नये. उलट आमच्याकडे एकेका कामाला स्वतःचा शब्द. लग्नात अक्षता टाकायच्या, मिरवणुकीत गुलाल उधळायचा, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं. जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यांत गणपतीच्या मुकुटावर चमकी भुरभुरायची. मीठ सांडतं, आणि सांडलं की घरात भांडण ठरलेलं. माणसं पांगतात, आमच्या गावची पांगली, कुणी पेणला, कुणी मुंबईला, मी रोह्याला. आणि भात फेकायचं. होय, फेकायचंच! पुण्याची माझी एक मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "अगं, अन्न असं फेकतात का?" म्हटलं, बाई, फेकलं नाही तर तुम्ही खाल काय?

फक्त एका विखुरण्याला आमच्याकडे शब्द नाही. माणूस गेल्यावर त्याची राख पाण्यात सोडतात, त्याला. त्या सगळ्या विधीचं नाव आम्ही उलट्या बाजूने ठेवलंय: सावडणं. सावडणं म्हणजे गोळा करणं. सोडून द्यायला जायचं आणि येताना 'सावडून आलो' म्हणायचं. गोळा केल्याचं नाव घ्यायचं, सोडल्याचं घ्यायचं नाही. माझ्या आईला आम्ही फाल्गुनात सावडली.

आषाढ सरत आला तेव्हा मी एकटीच रोह्याच्या स्टँडवर जाऊन पेणच्या एसटीत बसले. आमचे हे म्हणाले, "या चिखलात कुठे निघालीस? पडलीस तर मला उचलायला यावं लागेल." म्हटलं, "तुम्ही आलात तर दोघांना उचलावं लागेल." हसून घराबाहेर पडले. त्या दिवशी मला एक गोष्ट ठरवायची होती: माझ्या भावाला मेलेल्यांत धरायचं की नाही.

नागोठणं मागे पडलं की हवा बदलते. रोह्याच्या कंपन्यांचा आंबूस वास नाकातून उतरतो आणि खाडीचा चढतो. चिखल, कुजलेलं शेवाळ, ओलं मीठ. या वासावर मी वाढले. गडबला उतरून हायवे ओलांडला की एक वाट शेतांमधून खाडीकडे जाते. ट्रकांचा आवाज बराच वेळ पाठीला चिकटून येतो, मग एका ठिकाणी एकदम तुटतो. लहानपणीही तिथेच तुटायचा. तिथून पुढे आपल्याच पायांचा आवाज आपल्याला नको इतका ऐकू येतो.

शेताच्या टोकाला बाहेरकाठा. बाहेरकाठा म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा मोठा बांध. या अंगाला गोडं, त्या अंगाला खारं. इकडे भात, तिकडे नुसता काळा चिखल आणि भरती. आई म्हणायची, "बांधाच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं त्यांचं." 'त्यांचं' म्हणजे कुणाचं हे आम्ही मुलं कधी विचारत नसू. विचारायची गरजच पडत नसे.

आमच्या खाऱ्या जमिनीत लावणी कमीच. इथे रहू फेकतात. भात भिजवायचं, गोणीत भरायचं, वर पेंढा टाकून दगड ठेवायचे. एक-दोन दिवसांत गोणीत हात घातला तर आतून ऊब लागते. तापलेल्या पोराच्या कपाळासारखी. वास आंबट-गोड, ताडीच्या आसपासचा. दाण्याला पांढरा मोड फुटला की झालं रहू; टोपली कमरेला लावायची आणि चिखलात चालत चालत मुठीमुठीने फेकायचं. आई फेकायला लागली की बघत राहावं. तिचा हात कमरेपासून निघायचा आणि दाणे हवेत पंख्यासारखे उघडायचे. बाबा लवकर गेले, त्यामुळे नांगराला चुलत्यांचा हात असे, पण रहू फेकायला आईच. गावातल्या बायका म्हणायच्या, मंजीच्या हाताला माप आहे.

सगळं शेत फेकून झालं की टोपलीच्या तळाशी थोडं ठेवायचं. ती मागची मूठ. फेकणारीने बाहेरकाठ्यावर चढून खाडीकडे पाठ करून उभं राहायचं. दुसरीने तिच्यासमोर, खाडीकडे तोंड करून. समोरचीने विचारायचं, "कोणाचं रायलं गो?" मग फेकणारीने घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, एकेकाच्या नावाने एकेक मूठ खांद्यावरून मागे, खाऱ्या चिखलात. वळून बघायचं नाही. ज्यांचं जेवणखाण सुटलंय त्यांचा तो वाटा. उगवायचा प्रश्नच नसतो. पुढच्या भरतीला सगळं वाहून जातं.

आमच्या शेतात विचारायला नेहमी जनाकाकी असे. काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, आईची जाऊ. तोंडात तीळ भिजायचा नाही, पण हा प्रश्न विचारताना तिचा आवाज खाली यायचा.

मी नववीत होते त्या वर्षीही तसंच झालं. ढग खाली आले होते, पण पाऊस थांबला होता. मी बांधाखाली पाय धूत होते. आईने आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, बाबांचं घेतलं. टोपलीत एक मूठ उरली. काकीने विचारलं, "अजून कोणाचं रायलं?" आणि आईचा हात रीतसर मागे निघाला. शेवटची मूठ ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी असते, तिला नाव लागत नाही.

तेवढ्यात शेताच्या वाटेवरून माझा दादा आला. सुदाम. डोलवीच्या बाजूला कंत्राटावर काम करायचा, सकाळच्या शिफ्टवरून तसाच उठून आला होता, भुकेजलेला. त्याने लांबून एवढंच ऐकलं की काकी विचारतेय कोणाचं राहिलं. त्याला वाटलं, जेवायचं.

"माझं रायलंय!" तो ओरडला. "मला ठेवलंत काय सगळं गिळलात?"

आईचा हात थांबायला हवा होता. नाही थांबला. मूठ सुटली होती.

दादा हसत बांधावर चढला, आईच्या पाठीमागून वाकून म्हणाला, "काय झालं गो आये? भूत बघितल्यावाणी काय बघतेस?" आईने त्याच्या हातात भाकरी ठेवली. तो खात होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, घास आत जातोय की नाही ते. काकी पदराचं टोक चावत उभी. मला तर हसूच आलं होतं. त्या वयात मला सगळ्याचंच हसू यायचं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण लांबवून ते बदलत नाही. श्रावणातली पौर्णिमा नुकतीच झाली होती, भर दुपारचं उधाण होतं. गावात ओरड झाली की बाहेरकाठ्याला खांड गेली, बांध फुटला. पुरुष पेंढा आणि पहारी घेऊन धावले, दादा कंपनीच्या कपड्यांतच धावला. संध्याकाळी सगळे परत आले, तो आला नाही. होड्या धरमतरपर्यंत जाऊन आल्या. कुणी म्हणालं खाडीने नेला. कुणी शपथेवर सांगितलं की त्याच तिन्हीसांजेला वडखळ नाक्यावर तो ट्रकमध्ये चढताना दिसला. ना अंगावरचं कापड मिळालं, ना काही. सावडायला काहीतरी लागतं हो. आमच्याकडे काहीच नव्हतं.

बोलाफुलाला गाठ पडली, असं लोक म्हणाले. आईने ते ऐकलं आणि घरात एक शब्द बंद केला. 'राहिलं' म्हणायचं नाही. आमच्या घरात धुणं राहत नसे, ते व्हायचं असे. अभ्यास व्हायचा असे. जेवण व्हायचं असे. माझं लग्न ठरलं तेव्हा आमचे हे पहिल्यांदा जेवायला आले, ताटावर बसता बसता सहज म्हणाले, "हात धुवायचे राहिले." आईच्या हातातली पळी तिथेच थांबली, मग ती उठून मागच्या दारी गेली. ह्यांना वाटलं भाजीत मीठ कमी पडलंय म्हणून सासूबाई खजील झाल्या! बिचारे, दुसऱ्यांदा मागून भाजी खाल्ली.

आणि ती हिरवळ. दादा गेला त्याच श्रावणात, उधाण ओसरल्यावर, बाहेरकाठ्याच्या पलीकडे भाताचा एक झुबका उभा होता. मुठीएवढा. खाऱ्यात, जिथे शेवाळाखेरीज काही धरत नाही. आजोबांचं उगवलं नव्हतं, बाबांचं उगवलं नव्हतं. ती शेवटची मूठ उगवली होती. रंग असा की डोळ्यांना टोचावा. आणि वारा सुटला की अलीकडची सगळी शेतं लवायची, तो मात्र हलायचा नाही. मी स्वतः बघितलंय. बराच वेळ बघितलंय, पापणी न हलवता, आणि मग पळत सुटलेय.

आई पळाली नाही. ती बांध उतरून गुडघाभर चिखलात गेली, झुबका मुळासकट उपटला, मुळं धुतली आणि बांधाच्या अलीकडे, आपल्या शेताच्या कोपऱ्यात आणून लावला. लावताना बोलत होती. मी बांधावरून ऐकलं. "चल. आत चल. भाकरी वाढलीय."

दुसऱ्या वर्षी पलीकडे तो पुन्हा उभा. आमच्या घरची मागची मूठ तर आईने बंदच केली होती. काकीला तिने शेतात प्रश्न विचारू दिला नाही पुन्हा. तरी आषाढात झुबका यायचा. आई उपटायची, अलीकडे आणायची. पुढे तिने शेत करणं सोडलं, तिथे गवत माजलं, तरी तो यायचा. ती माझ्याकडे रोह्याला राहायला आली, गुडघे गेले, तरी आषाढ सरला की माझ्या मागे लागायची. "मला ने गो तिकडं." रिक्षा करून न्यावं लागे. मी बांधावर उभी राहायची, ती बसत-घसटत खाली उतरायची. जित्याची खोड, दुसरं काय.

भावकी काही कमी बोलली नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पिठाचा पुतळा करून अग्नी देतात, तसा द्या म्हणाले, पोराला गती मिळेल. आई शांतपणे चुलीत लाकूड सारत म्हणाली, "आन त्याला चटका बसला तर?" रोह्याला आमच्या शेजारच्या सकिनाभाभींचे यजमान आखातात नोकरीला. ते सुट्टीवर आले की आई दारात जाऊन बसायची. "भाऊ, तिकडं आमचा सुदाम दिसला काय? डाव्या भुवईवर खोक हाय." तो भला माणूस दर वेळी विचार केल्यासारखं करून म्हणायचा, "अजून नाय दिसला चाची. पण तिकडं गर्दी लय हाय."

आता हे सगळं माझ्या पदरात आलं होतं. आईने जाण्याआधी माझा हात धरून सांगितलं होतं, "आषाढात जा. त्याला आत आण." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? पण खरं सांगू, मी थकले होते. माझ्यानंतर त्या चिखलात कोण उतरणार आहे? माझी मुलं बाणेरला. मग हा असाच राहणार, ना इकडचा ना तिकडचा, उगवत आणि उपटला जात. मेलेल्याला मेला म्हणणं हीसुद्धा माया असते, असं मी एसटीत स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. आणि वडखळ नाक्याचा तो ट्रक दर वेळी मध्ये येत होता.

जनाकाकी तिच्या शेतात होती. वाकून आता पार कमान झालीय, पण तोंड जागेवर.

"कोण गो ती? मंजीची काय? किती सुटलीस गो! रोह्याला कंपनीचं खातेस काय?"

"तू वाळलीस काकी, मी सुटले. घराण्याचं वजन तेवढंच."

ती हसली. खेकड्यांनी खाल्लेल्या जागी पुन्हा फेकायला तिने नवं रहू आणलं होतं, मोड आलेलं, टोपलीत. तो वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काकीने ते बघितलं न बघितलं केलं.

"आयेसची मूठ टाकायला आलीस?" तिने विचारलं.

ते माझ्या डोक्यातच नव्हतं. मी दादाचं ठरवायला आले होते आणि आईही आता मूठ टाकायच्या माणसांत आली आहे, हे मला सुचलंच नव्हतं. फाल्गुनापासून पहिल्यांदा मला ती गेल्याचं कळलं, असं वाटलं. मी तिथेच बांधावर बसून रडले.

काकी शेजारी बसली. म्हणाली, "मंजीची टाक. आन त्याचीबी टाक आता. माझ्या तोंडचा सवाल हाय गो तो. मी इचारला, म्हनून त्यानं उत्तर दिलं. मी मेल्यावर कोन इचारनार? त्या पोराला असा उघड्यावर ठेवून मला जाववत नाय."

इतकी वर्षं मला वाटायचं की हे ओझं आई वाहतेय. काकीही वाहत होती, आणि आम्ही कुणी तिला कधी विचारलं नव्हतं.

आम्ही बाहेरकाठ्यावर चढलो. मी आधी पलीकडे डोकावले. झुबका होता. वारा होता, आणि तो हलत नव्हता. भरती लांब होती, नुसता काळा चिखल पसरलेला. एकही बगळा नाही, खेकड्याची हालचाल नाही. डोलवीच्या बाजूचा धूर ढगांत मिसळत होता आणि दुपार असून उजेड तिन्हीसांजेचा. मी झुबक्याला म्हणाले, "दादा, मी उपटणार नाही तुला. मला चिखलात उतरवत नाही आणि मला ते पटतही नाही. तू राग धरू नकोस." राग धरला तर धरो बापडा. मी पाठ फिरवली.

टोपली कमरेला लावली. काकी माझ्यासमोर, खाडीकडे तोंड करून उभी राहिली. कमान झालेली पाठ तिने जमेल तेवढी सरळ केली.

"कोणाचं रायलं गो?"

तो शब्द कानावर पडला. आमच्यापैकी कुणाच्या तोंडून इतकी वर्षं तो निघाला नव्हता.

"आईचं," मी म्हणाले आणि मूठ खांद्यावरून मागे टाकली. चिखलात दाणे पडल्याचा मऊ आवाज झाला. टप, टप, टप. मला रडू आलं नाही. उलट बरं वाटलं, तिला पानावर बसवल्यासारखं.

"अजून कोणाचं रायलं?"

मूठ भरली, पण हात उचलेना. मोडांची ऊब तळव्याला लागत होती. डोळ्यांसमोर दादा भाकरी खात होता, गाल फुगलेले, आणि तोंडात घास असतानाच बोलत होता. काकी वाट बघत होती. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही. तो एका मुठीला एकदाच विचारायचा असतो.

"सुदामदादाचं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, तिकडे ऐकू जावं इतक्या मोठ्याने. आणि फेकली.

आवाज झाला नाही.

मी कान देऊन उभी राहिले. मला वाटलं, वाऱ्याने नेले असतील. पण वारा तर माझ्या तोंडावर होता, दाणे मागेच जायला हवे होते. चिखल तिथेच होता, बांधाला लागून. मूठभर दाणे कुठेतरी पडतील की नाही? मी थांबले, आणखी थांबले. काहीच पडलं नाही.

काकी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिने सावकाश डोक्यावर पदर घेतला, थोरल्या जावेसमोर घेतात तसा.

"काकी," मी म्हणाले. "पडलं काय गो?"

"नाय," काकी म्हणाली. "वळू नको. मंजीनं पदरात झेललं."